तळ्यात पडलेली कुडी

शिंगाडे बाजारात आले की माझं डोकं फिरतं. दरवर्षी कार्तिकात मुलुंडच्या बाजारात एक हातगाडीवाला येतो, ओल्या गोणपाटावर हिरवे-तांबडे शिंगाडे रचतो आणि वर पाण्याचे हबके मारत बसतो. त्या पाण्याचा वास नाकात गेला की माझी भाजी राहते बाजूला. साध्या चिखलाचा वास नाही तो. तळ्याच्या बुडाशी कुजत पडलेल्या देठांचा, शेवाळाचा, उन्हात तापलेल्या डांबर फासलेल्या लाकडाचा असा सगळा मिळून तो वास येतो. मी अर्धा किलो घेते. सूनबाई म्हणतात, "आई, खात तर एकही नाही, मग आणता कशाला?" मी म्हणते, सोलायला. त्यांना वाटतं म्हातारीला चळ लागला.

पावसावर आपल्याकडे लिहिणारे पैशाला पासरी. कार्तिकातल्या दुपारीला मात्र कुणी विचारत नाही. ऊन असतं पण त्याचा जाच नसतो, थंडी अजून घराबाहेर उभी असते, आणि सगळं जग नुकतं घासून पालथं घातलेल्या भांड्यांसारखं लखलखत असतं. मला हा ऋतू पहिल्यापासून लबाड वाटत आलाय. इतकं स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीवर माणसानं भरवसा ठेवू नये. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या घाटकोपरच्या आळीत मुली दाखवायचा हंगाम सुरू व्हायचा, त्यामुळेही असेल.

हंगामच म्हणायचा तो. एकीकडे विक्रोळीपलीकडच्या शेतांत भात कापणीला आलेलं, आणि इकडे घराघरांतून पोहे भिजत पडलेले. मुलगी पाट मांडून बसवायची. नाव सांग, सुईत दोरा ओव, चार ओळी वाच, आणि शेवटी मुलाची आई पदर सावरत अगदी मायेनं म्हणणार, "चालून दाखव हो बाळ, त्या दारापर्यंत."

माझी थोरली बहीण प्रमिला त्या दारापर्यंत पाच वेळा चालली. तीन वर्षांची असताना तिला ताप आला होता. ताप उतरला तो डावा पाय घेऊनच उतरला. पाय होता जागेवर, पण दोन बोटं आखूड आणि मनगटाएवढा बारीक. बाहेर जाताना ती जाड टाचेची चप्पल घालायची, तेव्हा इतकं कळायचं नाही. पण घरात चपला घालून कोण फिरतं? फरशीवर अनवाणी पाऊल पडलं की एक पाय टेकायचा आणि दुसरा आपटायचा. टक्, धप्. टक्, धप्. आम्ही माजघरात श्वास रोखून तो आवाज ऐकायचो. दारापर्यंत सात पावलं होती. सात पावलांत पाच स्थळं गेली.

ताई देखणी होती, हे सांगायलाच हवं. नाकीडोळी माझ्यापेक्षा शंभर पटींनी उजवी. गोरी, लांबसडक केस, आणि जीभ अशी धारदार की समोरच्याला आधी हसू यायचं आणि कापल्याचं मागाहून कळायचं. मी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी. तिची आखूड झालेली परकर-पोलकी, तिची पुस्तकं, तिच्या दप्तराचा तुटका बंद, सगळं यथाक्रम माझ्याकडे येत गेलं. ती म्हणायची, "सुले, नवरा तरी नवा मिळतोय का बघ तुला." सगळे हसायचे. मीही हसायचे. मनात मात्र हिशेब वेगळा चालायचा, कारण थोरली उजवल्याखेरीज धाकटीचं नाव काढायचं नाही हा घरचा कायदा. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या दारात माझी बहीण धोंड होऊन बसली होती. असं म्हणू नये, पण मला तेव्हा तसंच वाटत होतं.

होडीची कल्पना मामाची. आईचा हा भाऊ मालवणहून येऊन एका पारशी शेटकडे गुदामावर लागला होता. या शेटना गळ टाकून मासे धरायचा नाद. त्यासाठी पवईच्या तळ्यावर त्यांनी स्वतःची होडी ठेवली होती, आणि ती राखायला तळ्याकाठच्या पाड्यातला गोमा नावाचा माणूस. शेट थंड हवेला गेले की होडी मामाच्या शब्दात असायची. पाचवं स्थळ गेलं त्या रात्री मामा जेवता जेवता थांबला, बोटं चाटली आणि म्हणाला, "गे, होडीत माणूस बसानच रवता ना? मग पाय कोण बघता?"

आईनं वाढता हात थांबवला. बाबांनी पानाकडे बघत म्हटलं, "ही फसवणूक आहे." मामा म्हणाला, "हजार खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, ह्या काय माझ्या पदरचा नाय. एकदा सुपारी फुटली की मागे कोण फिरता?" बाबांना खोटं बोलता येत नसे. बोलायला गेले की कान लाल व्हायचे. म्हणून असं ठरलं की त्यांनी घरी थांबायचं. त्यांनी विरोध केला तो एवढाच.

 ताटावरून उठताना ताईनं विचारलं, "होडी डुलते का रे मामा?"

अंधेरीचं स्थळ होतं. वडील नव्हते, आई आणि एकुलता एक मुलगा, मुलगा विमा कंपनीत. पोह्यांचे कार्यक्रम जुने झाले, शेटची खासगी होडी आहे, तळ्यावर छान सहल करू, असा निरोप मामानं पाठवला. खासगी होडी म्हटल्यावर अंधेरीकर बाई खूश झाल्या. मोठ्या लोकांत ऊठबस दिसते मंडळींची, असं त्यांना वाटलं.

मग आमच्याकडे तालमी सुरू झाल्या. माजघरातला बाक उलटा घालून त्याची होडी केली. ताईला मधल्या फळीवर बसवलं. आई काठावर, मामा गोमाच्या जागी काठी घेऊन उभा. मुलाच्या आईचं काम माझ्याकडे होतं. मी पदर डोक्यावरून घेतला, नाकात बोलले, सुपारी कातरल्यासारखं तोंड केलं आणि ऐन रंगात येऊन म्हटलं, "चालून दाखव हो बाळ, त्या बेटापर्यंत." मामाला हसून ठसका लागला. आई तोंडाला पदर लावून हसली. ताईही हसली. नंतर स्वयंपाकघराच्या अंधारात तिनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की काळानिळा वळ आठ दिवस टिकला. तेव्हाही ती हसतच होती.

मामाचा बेत पक्का होता. आम्ही आधी पोचायचं, ताईला होडीत बसवून टाकायचं, मग पाहुणे येणार. ताईला पाण्याची भीती वाटते, म्हणून ती जागची हलत नाही, असं सांगायचं. काही आणायचं-द्यायचं झालं तर मी उठायचं. "तू नुसती बसान रव," मामा ताईला म्हणाला, "उठाचा काम सुलूचा." परत काठाला लागलो की पाहुण्यांना पहिल्यांदा उतरवायचं आणि मामानं त्यांना बोलत बोलत टॅक्सीपर्यंत न्यायचं. अडचण एकच होती. ताई अजून होडीत का, असं कुणी विचारलं तर?

त्यासाठी मला एक वाक्य दिलं होतं. मी उजव्या कानातली मोत्याची कुडी आधीच काढून ताईच्या हातात द्यायची आणि वेणी पुढे घेऊन कान झाकायचा. काठाला लागताक्षणी मी म्हणायचं, "ताई, तू उठू नकोस गं, माझी कुडी पडली इथंच कुठंतरी." मग आम्ही दोघी होडीत वाकून शोधत राहायचं. पाहुणे दूर गेले की कुडी सापडायची. मी ते वाक्य वीसदा म्हणून दाखवलं. कधी घाबरून, कधी रडकुंडीला येऊन. मामा म्हणाला, पोरगी नाटकात काम करील.

त्या रविवारी आम्ही टांग्यानं निघालो. विक्रोळीला तेव्हा कारखान्यांच्या भिंती नुकत्या वर येत होत्या. त्या मागे पडल्या की आत वळणारा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेलं भात, पेंढ्यांचा गोडसर वास, मध्येच एखादं माणूस कमरेत वाकलेलं आणि त्याच्यामागे बगळे. ताईनं आईची डाळिंबी साडी नेसली होती. इतकी सुंदर ती मला आधी कधी दिसली नव्हती. टांग्यात ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मी गेले की माझी कॉट तुला. गादीला खड्डा पडलाय तेवढा सांभाळून घे." एरवी मी हे ऐकून सोडलं असतं. त्या दिवशी नाही सोडलं.

तळं मी आजही डोळे मिटून बघू शकते. पलीकडच्या टेकड्या पाण्यात उलट्या पडलेल्या. काठाकाठानं शिंगाड्याच्या वेलांची हिरवी जाजमं. कुठं तरी पाणकावळा बुडी मारायचा आणि भलतीकडेच वर यायचा. गोमानं होडी धुऊन ठेवली होती, फळ्यांवर चटई अंथरली होती. त्यानं ताईला हाताला धरून आत घेतलं, तिचा पाय बघितला, मामाकडे बघितलं, आणि काही न विचारता वल्हं उचललं. पाड्यातल्या माणसाला जे एका नजरेत कळलं ते अंधेरीकरांना कळू नये म्हणून आमची ही सगळी शोभायात्रा. मी कुडी काढून ताईच्या मुठीत दिली.

पाहुणे आले. काकू भारदस्त होत्या, नऊवारी, हातात रुमाल, आणि पाय ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं, "मगरी आहेत म्हणे या तळ्यात?" गोमा म्हणाला, "हायत ना. पन त्या रविवारी नाय येत." मुलगा मोठ्यानं हसला. आमचे हे ते. उंच, सावळे, बाह्या दुमडलेल्या, आणि हसताना मान मागे टाकायची लकब.  त्या दिवशी मी पुढे जे केलं त्याची इतकी वर्षं मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. ताईनं मला हिणवलं म्हणून, फसवाफसवी मला पटेना म्हणून, घाबरले म्हणून. सगळी कारणं दिखाऊ आहेत. तो माणूस मला आवडला, खरं कारण हे.

होडी मध्यावर गेली. वल्ह्याचं पाणी, ऊन, काकूंचे प्रश्न. ताई अशी बोलत होती की ऐकत राहावं. काकूंनी विचारलं, स्वयंपाक काय काय येतो? ती म्हणाली, "सगळं येतं, पण भाकरी थापताना कुणी बघत असलं की फाटते." हे पुन्हा हसले. ते तिच्याकडे बघत होते आणि ती पाण्याकडे. बघणाऱ्याकडे बघायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

आणि मी उठत होते. पाणी द्यायला उठले, लाडवांचा डबा उघडायला उठले, काकूंचा उडालेला रुमाल धरायला उठले. होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डुलत्या फळ्यांवर, साडीच्या निऱ्या एका हातात धरून. गोमा दोनदा म्हणाला, "बाय, सारखी उठू नको, होडी कलते." मला उठायचं कामच दिलं होतं. पण मी जशी चालत होते तसं चालायला कुणी सांगितलं नव्हतं. माझे पाय सरळ होते आणि मी ते दाखवत होते. काकूंची नजर माझ्या पावलांवरून फिरलेली मला कळत होती. त्यांच्या मुलाची नजर मात्र एकदाही फिरली नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला तो त्यांनी न बघता घेतला आणि ताईला विचारलं, "तुम्हाला खरंच पाण्याची भीती वाटते?"

ताई म्हणाली, "पाण्याची नाही. काठाची वाटते."

मामाचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांना ती थट्टाच वाटली. परतताना गोमानं वेलांत हात घालून ओंजळभर शिंगाडे काढले. कोवळे, काटेरी, थंडगार. ह्यांनी एक सोलला आणि ताईपुढे धरला. तिनं डाव्या हातानं घेतला, कारण उजव्या मुठीत माझी कुडी होती.

होडी काठाला लागली. हे आधी उतरले, आपल्या आईला हात दिला, मग माझ्या आईला हात दिला. मामा उतरून घाई करू लागला, "चला हो, तुम्ही पुढं व्हा, ऊन चढतंय." पण हे हलले नाहीत. तिथंच चिखलात उभं राहून ताईपुढे हात केला. म्हणाले, "यांना उतरवून घेतो आधी. भीती वाटते ना काठाची."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आई, मामा, ताई. वाक्य माझ्या जिभेवर होतं. वीसदा म्हटलेलं. ताईच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती विनवत होती. आयुष्यात एकदाच तिनं माझ्याकडे काही मागितलं. मी पाण्याकडे बघितलं. एक पाणकावळा बुडाला होता, तो कुठं वर येतो ते मी बघत राहिले.

तो वर आला तेव्हा ताई उठलेली होती.

तिनं त्यांचा हात धरला, फळीवरून उतरली आणि पहिलं पाऊल टाकलं. चटईवर बसताना काढलेली चप्पल होडीतच राहिली होती. टक्, धप्. त्यांचा चेहरा क्षणभर गोंधळला, मग त्यांनी हात अधिक घट्ट धरलेला मी पाहिला. ती म्हणाली, "सोडा." हात सोडवून घेऊन ती एकटी बांधावरून चालत गेली, न लपवता, मान वर करून, थेट काकूंपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "चालून दाखवलं, काकू."

काकूंनी रुमालानं कपाळ टिपलं. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आईला विचारलं, "आणि ही धाकटी का?"

परतीच्या टांग्यात आई रडत होती. मामा म्हणाला, पोर घाबरली, वाक्य विसरली, तिचा काय दोष. आईला एकदम आठवलं, "सुले, कुडी कुठाय तुझी?" मी ताईकडे बघितलं. ती रस्त्याकडेच्या पेंढ्यांकडे बघत म्हणाली, "पडली पाण्यात." आईनं कपाळावर हात मारून घेतला. "स्थळ गेलं ते गेलं, वर मोत्याची कुडी," असं ती घर येईपर्यंत म्हणत राहिली.

स्थळ गेलं नव्हतं. आठवड्यानं मामा निरोप घेऊन आला, अंधेरीकरांना धाकटी पसंत आहे. बाबा म्हणाले, थोरली घरात असताना कसं शक्य आहे.  ताई पडवीत तांदूळ निवडत होती. सुपातली नजर न काढता म्हणाली, "देऊन टाका तिला. घरात दोन-दोन कशाला सडायला हव्यात?" मग माझ्याकडे बघून, "शेवटी नवराही माझ्यानंतरचाच मिळाला ना गं तुला."

लग्नात करवली तीच. नवरीच्या मागे करवलीनं पाण्यानं भरलेला करा आणि पेटता दिवा घेऊन चालायचं असतं. ताई माझ्यामागे चालली. टक्, धप्. कऱ्यातलं पाणी दर पावलाला हिंदकळून माझ्या शालूवर पडत होतं. बायका कुजबुजत होत्या, काकू, म्हणजे आता माझ्या सासूबाई, दुसरीकडे बघत होत्या. अंतरपाटाशी आलो तेव्हा ती माझ्या मानेशी वाकली. मला वाटलं, आशीर्वाद देतेय. ती हळूच म्हणाली, "सुले, कुडी सापडली का गं?"

त्यानंतर तिनं हा प्रश्न सोडला नाही. माझ्या डोहाळजेवणात विचारला, मुलाच्या बारशाला पाळण्याशी उभं राहून विचारला, सासूबाईंच्या तेराव्यालाही विचारला. सगळ्यांसमोर, हसत. घरात त्याची गंमत होऊन बसली. माझी मुलं लहानपणी विचारायची, मावशी, अजून नाही सापडली? ती म्हणायची, "तळं मोठं आहे रे बाबा." हेही हसायचे. मी चहाचे कप उचलायचे.

ताई शाळेत शिकवायला लागली. तिच्या चपलेचा आवाज व्हरांड्यात आला की वर्ग चिडीचूप व्हायचा, असं तिच्या हाताखालून गेलेले सांगतात. छडीही ओढायची. आई-बाबांचं सगळं तिनंच केलं, आणि त्याबद्दल आम्हाला कधी क्षमा केली नाही. आमच्याकडे यायची तेव्हा हे खुर्चीतून उठून उभे राहायचे. मी घरात आले म्हणून ते कधी उठले नाहीत. उठायचं कारणही नव्हतं म्हणा, मी बाहेरून येतच नव्हते, घरातच होते. हातही त्यांनी मला कधी दिला नाही. देवळाच्या पायऱ्या असोत की ओढा, त्यांना ठाऊक होतं, ही नीट चालते.

लग्नाला दहाएक वर्षं झाली असतील. असाच कार्तिक, ताई नुकतीच जेवून गेली होती. हे मागाहून जेवत होते. आमटी ओरपता ओरपता सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मी तेव्हा थोरलीलाच होकार दिला होता. पाय आहे तर आहे, मला काही वाटत नाही, असं म्हणालो आईला. तिनं विहिरीत उडी घ्यायची धमकी दिली. मग मीही सोडून दिलं." मी त्यांना आणखी आमटी वाढली. विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

त्या रात्रीपासून मला एक कळत होतं. आपल्याला कुणी होय म्हणालं होतं, हे ताईला ठाऊकच नाही. तिचा समज असा की चिखलात हात पुढे करणारा तो माणूसही पाय बघून, घरी जाऊन मागे फिरला. तिचं सगळं आयुष्य त्या समजुतीवर उभं होतं. ती छडी, ती जीभ, ते एकटं जेवणं. मी एक वाक्य बोलले असते तर तिला निदान एवढं मिळालं असतं. पुन्हा एक वाक्यच. दर दिवाळीला मी ठरवायचे, यंदा सांगायचं. ती आली की पहिल्यांदा कुडीचं विचारायची, आणि माझं तोंड मिटायचं. हे तीन वर्षांपूर्वी गेले. तेही सांगून गेले नाहीत.

परवा शिंगाडे घेतले ते घरी नेले नाहीत. तशीच रिक्षा केली आणि घाटकोपरला गेले. ताई आता अंथरुणावरच असते. चांगला पायही आता धरत नाही. सांभाळणारी बाई खाली गेली होती. खिडकीतून कार्तिकाचं तेच घासलेलं ऊन तिच्या चादरीवर पडलं होतं. चेहरा सुकलाय, पण नाक तसंच आहे, वर. मी तिच्या उशाशी बसून शिंगाडे सोलू लागले. ती छताकडे बघत होती. मी वाट बघत होते, आता विचारील, मग विचारील. पहिल्यांदाच तिनं विचारलं नाही. मला त्याची भीती वाटली. म्हटलं, संपत आली ही, आजच बोलायला हवं. एकदम सगळं कसं सांगणार? म्हणून आधी ते जुनं वाक्य म्हटलं, जसं शिकवलं होतं तसंच.

"ताई, तू उठू नकोस गं, माझी कुडी पडली इथंच कुठंतरी."

तिनं मान वळवली. डोळे स्वच्छ होते, भ्रम वगैरे काही नाही. म्हणाली, "पडली नाही. माझ्याकडे आहे. आणि मी ती देणार नाहीये."

"मी मागत नाहीये, ताई."

"मागितलीस तरी नाही. मी गेल्यावर शोधलीस तरी मिळायची नाही, तशी सोय केलीय." मग अगदी हलक्या आवाजात, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात तिनं विचारलं, "सुले, एक सांग. तेव्हा नकार कुणाचा होता गं? म्हातारीचा, की त्याचाही?"

मी त्यासाठीच आले होते. देवाशपथ त्यासाठीच. तीन शब्दांचं काम होतं. माझ्या बोटांना शिंगाड्याचा काळा रस लागला होता, आणि उजव्या कानाच्या पाळीचं बुजलेलं भोक खाजत होतं. दुसरी जोडी आईनं केली होती, पण त्या कानात मी पुन्हा काही घातलं नाही.

"दोघांचा," मी म्हटलं.

तिनं नजर पुन्हा छताकडे वळवली. मग म्हणाली, "वाटलंच मला," आणि सोललेल्या शिंगाड्यासाठी हात पुढे केला. मी तो तिच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा सोलायला घेतला.